मचाणावरून दिसलेलं गाव

माझ्या टीममधला एक मित्र लग्नानंतर केनियाला फिरून आला. आल्यावर सोमवारी दुपारी कँटीनमध्ये त्याने फोन टेबलावर ठेवला आणि एकेक फोटो सरकवायला लागला. सिंहीण, तिची पिल्लं, जिराफ, उघड्या जीपमध्ये चहा पिणारी त्याची बायको. ओल पेजेटा नावाच्या ठिकाणी त्याने दोन गेंडे पाहिले होते, नाजिन आणि फातू, मायलेकी. उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्यांच्या जातीत आता जगात एवढ्या दोघीच उरल्यात. शेवटचा नर, सुदान, मार्च २०१८ मध्ये गेला. या दोघींभोवती चोवीस तास बंदूकधारी पहारा असतो.

पण मला त्याची दुसरीच गोष्ट डोक्यात राहिली. तो राहिला होता ती जागा सरकारी अभयारण्यात नव्हती. मसाई माराच्या शेजारी 'कन्झर्व्हन्सी' असतात. जमीन मसाई कुटुंबांच्या नावावर. त्या कुटुंबांनी आपापले तुकडे एकत्र करून पर्यटनवाल्यांना भाड्याने दिलेत. ओलारे ओरोक ही अशी एक कन्झर्व्हन्सी २००६ मध्ये सुरू झाली, मग आणखी झाल्या. घरमालकाला जसं महिन्याच्या महिन्याला भाडं मिळतं तसं या लोकांना मिळतं. "थोडक्यात, सिंह भाडेकरू आहेत," मित्र म्हणाला. सगळे हसले.

मी उगाच बोलून गेलो, "आमच्याकडेही आहे की. मेळघाट."

"अरे वा! किती वेळा गेलायस?"

एकदा. आठवीत असताना, चिखलदऱ्याला, शाळेच्या सहलीत. मला घाटात झालेली उलटी आणि वर खाल्लेली रबडी एवढंच आठवत होतं.

*

माझं गाव नांदगाव पेठ. अमरावतीहून नागपूरकडे निघालात की लगेच लागतं. महामार्ग, टोलनाका, औद्योगिक वसाहत, वीज केंद्राच्या चिमण्या. गाडीच्या खिडकीतून तुम्ही पाहिलं असेल, थांबला नसाल. इथून मेळघाटचं सेमाडोह शंभरेक किलोमीटरवर. पुण्याहून महाबळेश्वरला आम्ही दर पावसाळ्यात जातो, जवळजवळ तेवढंच अंतर. पण आमच्या गावात मेळघाट हा शब्द दोनच निमित्तांनी निघतो. एक वाघ, दुसरं कुपोषण. दोन्ही पेपरात वाचायच्या गोष्टी.

त्या दुपारी डेस्कवर परतल्यावर मी काम सोडून मेळघाटबद्दल वाचत बसलो. देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांपैकी हे एक, १९७३-७४ मधलं. क्षेत्र सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर, त्यातला १,५०० चौरस किलोमीटरचा भाग गाभा. आणि दर वर्षी बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनविभाग सामान्य माणसांना मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजू देतो. 'निसर्गानुभव' म्हणतात त्याला. वाघांची खरी मोजणी कॅमेरा ट्रॅपने होते. ही रात्र असते आपल्यासारख्यांना जंगल दाखवायला. मी नाव नोंदवलं.

घरी सांगितल्यावर आई म्हणाली, "कायले जातं बाप्पा रातभर जंगलात? झोपाले घर नाही का?"

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मच्छरदानी देतेत का?"

*

मे महिना, अमरावतीत पारा चव्वेचाळीसच्या वर. वलगाव, आसेगाव, परतवाडा असं करत घटांगच्या घाटात शिरलो तेव्हा गाडीचा एसी हरला होता. डोंगरावरचा साग पूर्ण निष्पर्ण. मनात हिरवं जंगल धरून आलेला माणूस मेळघाटला मे महिन्यात ओळखणारच नाही. राखी रंगाच्या काड्या, खाली वाळलेल्या पानांचा थर, आणि मध्येच एखादं कोवळ्या पानांचं कुसुम.

दुपारी गेटवर माहिती दिली. पांढरे कपडे नकोत, अत्तर नको, मोबाइल सायलेंट, मोठ्याने बोलायचं नाही, सकाळी गाडी येईपर्यंत खाली उतरायचं नाही. हातात एक छापील तक्ता. वेळ, प्राणी, संख्या, नर, मादी, पिल्लू. एक्सेल शीट बघून माझ्यातल्या इंजिनिअरला बरं वाटलं.

माझ्या मचाणावर सोबतीला एक वनमजूर होता. चाळिशीचा, बारीक, कोरकू. त्याचं नाव इथे लिहीत नाही. मी त्याला दादा म्हणत होतो, तो मला आधी साहेब म्हणाला आणि अंधार पडल्यावर कधीतरी भाऊ म्हणायला लागला. त्याने चढायच्या आधी मचाणाची शिडी हलवून पाहिली, पाण्याचा कॅन वर घेतला, आणि बसल्या बसल्या मला पहिला शब्द शिकवला. कोरकूत वाघाला 'कुला' म्हणतात. कोरकू या शब्दातला 'कोरो' म्हणजे माणूस, 'कू' लागलं की अनेकवचन. कोरकू म्हणजे 'माणसं', बस.

समोर पाणवठा, त्यापलीकडे मोठं मोकळं गवताळ मैदान. सगळीकडे गच्च साग आणि इथेच हे मैदान कसं, म्हणून मी पाहत राहिलो. मग दिसलं की पलीकडच्या कडेला आंब्याची झाडं आहेत. पाच. एका ओळीत.

"दादा, जंगलात आंबे ओळीनं उगवतात का?"

तो हसला नाही. म्हणाला, "गाव होतं ना इथं. माझ्या मामाचं."

*

मी वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. मेळघाटच्या गाभ्यातून गावं उठवायला २००१ च्या सुमारास सुरुवात झाली. बोरी, कोहा, कुंड ही पहिली. पुढे २००८ पासून पॅकेज आलं, कुटुंबाला दहा लाख रुपये, आणि मग एकेक गाव खाली अकोटच्या बाजूला किंवा आणखी कुठे उतरत गेलं. गाव उठलं की शेतांच्या जागी गवत येतं. गवत आलं की सांबर, रानगवे येतात. ते आले की त्यांच्यामागे वाघ. म्हणजे मी ज्या मैदानाकडे दुर्बीण लावून बसलो होतो, ते मैदान मामाच्या गावाचं शिवार होतं. वाघासाठी काढलेली जागा, आणि आज रात्रीपुरती माझ्यासाठीही.

"मामाची विहीर तिकडे, त्या चिंचेखाली," दादा म्हणाला. "आता तिथं अस्वल येतं."

सात वाजता चंद्र वर आला. आधी मोर, मग भेकर, मग चार सांबर. मी तक्त्यात लिहीत होतो. दादा न बघता सांगायचा, पानांच्या आवाजावरून. "हे डुक्कर. हे साळिंदर. हे काहीच नाही, वारा हाय." नऊ चाळीसला अस्वल आलं, पाठीवर पिल्लू घेऊन. पाणी पितानाचा तिचा आवाज मला एवढा स्पष्ट ऐकू येत होता की मी श्वास धरून बसलो. ती गेल्यावर हात थरथरत होते.

त्यानंतर बराच वेळ काही आलं नाही, आणि दादा हळू आवाजात बोलत राहिला. अर्धं हिंदी, अर्धं वऱ्हाडी. त्याचं स्वतःचं गावही खाली गेलेलं.

"दहा लाख आले तेव्हा आमाले मोजताच नाही आले, भाऊ. आमचा सगळा हिशोब पायलीत. किती पायली मका, किती पायली कुटकी. दहा लाख म्हंजे किती पायली, कोन सांगनार? कोनी गाडी घेतली, कोनी लग्न केलं. दोन वर्षांत गाडी पन इकली."

"म्हणजे जायला नको होतं?"

तो थांबला. "असं नाही. पोरगा खाली शाळेत जाते. दवाखाना हाय. बायको म्हनते आता वर नाही येत. तिले पानी दूरून आनाचं नाही लागत." मग थोड्या वेळाने, "पन मले खाली झोप नाही येत. म्हनून हे काम धरलं. जंगल सोडलं अन् जंगलाचीच मजुरी."

मला सोपं उत्तर हवं होतं. पुनर्वसन वाईट, किंवा पुनर्वसन चांगलं. त्याने दोन्ही दिलं नाही. सगळ्यांनी त्याच्यासारखं जुळवून घेतलं असंही नाही. जानेवारी २०१९ मध्ये अशाच काही गावांतले लोक सोयी मिळाल्या नाहीत म्हणून जंगलातल्या जुन्या जागी परत गेले होते. वनविभाग-पोलीस आणि गावकरी यांच्यात झटापट झाली, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. तेव्हा मी पुण्यात नोकरीला नवीन होतो. ती बातमी माझ्या फोनवर आली असणार आणि मी ती वर सरकवली असणार.

*

रात्री एकच्या सुमारास मी त्याला आमच्या जमिनीबद्दल सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. अंधारात बोलणं सोपं जातं.

आमची साडेपाच एकर होती. तूर, कपाशी, घरापुरती ज्वारी. मी तिसरीत होतो तेव्हा त्यातलं चार एकर औद्योगिक वसाहतीच्या संपादनात गेलं. चेक नीट आला, कुणी फसवलं नाही. फसलो ते आमचे आम्हीच. आत्याचं लग्न, घरावर स्लॅब, एक मोटरसायकल, आणि नातेवाइकांना दिलेले हातउसने, जे आजही हातउसनेच आहेत. आबाजी मात्र रोज सकाळी पूर्वीसारखेच धोतर खोचून निघायचे. आमच्या धुऱ्यावरचा कडुनिंब कंपाउंडच्या भिंतीबाहेर राहिला होता. त्याखाली भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि उन्हं तापली की परत यायचे. जाईपर्यंत त्यांनी तो नेम मोडला नाही. मी दहावीत असेन, मित्रांसोबत त्या रस्त्याने जाताना ते दिसले की मी सायकल दुसऱ्या बाजूने काढायचो. लाज वाटायची.

उरलं दीड एकर. ते रोडटच होतं, आणि प्लॉटचे भाव चढले होते. मला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली त्या उन्हाळ्यात बाबांनी ते लेआउटवाल्याला विकलं. चार वर्षांची फी, होस्टेल, लॅपटॉप. आज मी महिन्याला जे कमावतो ते आबाजींनी वर्षात पाहिलं नव्हतं. तरी कुणी माझं शिक्षण किती म्हणून विचारलं की मला पहिल्यांदा आठवतं ते दीड एकर, मग बी. ई.

दादाने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमच्या जाग्यावर आता काय येते?"

"कारखाने. आणि बंगले."

"आमच्या जाग्यावर कुला येते," तो म्हणाला. जरासा अभिमान होता त्यात. मला काय बोलावं सुचलं नाही. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की आम्हा दोघांत त्याचा सौदा बरा होता.

दोन दहाला रानगवे आले. सहा. काळ्या शिळा पाण्यापर्यंत सरकत येतात तसे. तीननंतर सांबराचा इशाऱ्याचा आवाज झाला, एकदा, परत एकदा, मामाच्या चिंचेच्या दिशेने. दादाने माझ्या मनगटावर बोट ठेवलं. आम्ही अर्धा तास हललो नाही. काही दिसलं नाही. तक्त्यात वाघाच्या रकान्यात मी शून्य लिहिलं. आंब्यांसाठी, विहिरीसाठी त्यात रकानाच नव्हता.

*

सकाळी गाडीची वाट पाहत आम्ही रस्त्यापर्यंत आलो. वाळलेल्या सागाच्या टोकावर एक छोटं घुबड भर उजेडात बसलं होतं. गुटगुटीत, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच, पोटाला पांढरं. शेपटी इकडून तिकडे झटकत होतं.

रानपिंगळा. मला कळायला मिनिट गेलं, आणि कळल्यावर वाघ न दिसल्याचं दुःख गेलं.

या पक्ष्याची गोष्ट प्रत्येक डेटावाल्याने वाचावी अशी आहे. १८८४ नंतर तो कुणाला खात्रीने सापडलाच नाही. एकच अपवाद होता. रिचर्ड मायनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ तो मिळवल्याची नोंद. ती नोंद धरून लोकांनी शोधलं, मिळाला नाही. नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन अभ्यासिकेने जुने नमुने तपासले आणि ती नोंद खोटी ठरली. मायनर्ट्झहागेनने संग्रहालयातून जेम्स डेव्हिडसनने पूर्वी मिळवलेला नमुना चोरून त्याला नवीन चिठ्ठी लावली होती. खोटी नोंद यादीतून काढली, खऱ्या जुन्या जागा घेतल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांना शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. पुढे मेळघाटातही सापडला. आजही तो संकटग्रस्त आहे, आणि मेळघाट त्याच्या मोजक्या घरांपैकी एक.

हे सगळं मी उत्साहाने दादाला सांगितलं. एकशे तेरा वर्षं हरवला होता म्हटलं.

त्याने झाडाकडे पाहिलं. "हा? हा तर इथंच असते."

*

घरी आल्यावर मी आणखी वाचत गेलो. केनियातही सगळं गोड नाही. शेजारच्या टांझानियात जून २०२२ मध्ये लोलियोंडोला मसाईंच्या चराईच्या १,५०० चौरस किलोमीटर जमिनीवर संरक्षित क्षेत्राच्या खुणा रोवताना पोलीस आणि लोक समोरासमोर आले. तेच मसाई. एकीकडे त्यांना भाडं मिळतं, दुसरीकडे त्यांच्याच माणसांना हटवलं जातं. फरक कशाने पडतो? जमिनीवर कुणाचा शब्द चालतो, याने. नामिबियाने १९९६ मध्ये कायदा बदलून गावकऱ्यांना वन्यजीवांवर हक्क दिला, १९९८ मध्ये पहिल्या चार कन्झर्व्हन्सी झाल्या, आज ऐंशीच्या वर आहेत.

आणि मग सापडलं की असं काही बघायला आफ्रिकेत जायचीही गरज नव्हती. पायविहीर. अचलपूर तालुका, आमचाच जिल्हा. बहुसंख्य कोरकू वस्ती. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या गावाला २०१२ मध्ये १९२ हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. मिळालं तेव्हा ते नावाचंच जंगल होतं, उजाड. गावाने रोजगार हमीच्या कामातून माती-पाण्याची कामं केली, झाडं लावली, चराई आणि तोड आवरली. त्यांची सीताफळं मुंबईपर्यंत विकली गेली. २०१४ मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. कामासाठी गाव सोडून जाणारी माणसं कमी झाली.

दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांना म्हटलं, चला, सीताफळं घेऊन येऊ. ते तयार झाले याचंच मला आश्चर्य वाटलं. मोटरसायकलवर दोघं गेलो.

तिथे फार वेळ थांबलो नाही. झाडीत थोडं फिरलो. एक म्हातारे गृहस्थ सोबत आले होते. मी फोटो काढत होतो, बाबा मात्र खाली बघत चालले होते. एका चरापाशी बसले, त्यातली माती हातात घेऊन चुरली. कितीतरी वर्षांनी मी त्यांना माती चुरताना पाहिलं.

त्यांनी त्या गृहस्थांना विचारलं, "सातबारा कोनाच्या नावानं हाय?"

सातबारा कुणाच्याच नावावर नाही, त्यांनी सांगितलं. जंगल राखायचा, त्यातलं घ्यायचा, विकायचा हक्क ग्रामसभेचा. ठरवायचं ते सगळ्यांनी बसून.

"म्हंजे कोनाले आपला हिस्सा इकता येत नाही?"

"नाही."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. हाताची माती झटकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे बरं हाय. आपल्याले पन कोनी असं म्हनाले पाह्यजे होतं, का इकता येत नाही."

"मग माझी फी कुठून भरली असती?" मी विचारलं. दहा वर्षं हा प्रश्न मी त्यांच्यासमोर काढला नव्हता.

"भरली असती कुठून तरी," ते म्हणाले. आणि मग, "नसती भरली तर तूही इथंच असता ना."

ते हे चांगल्या अर्थाने म्हणाले की वाईट, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. सीताफळाची पेटी मागे बांधली आणि परतवाड्याच्या रस्त्याला लागलो. नांदगाव पेठला शिरताना बाबांनी गाडी सवयीने त्या भिंतीच्या रस्त्याने घ्यायला सांगितली. कडुनिंब अजून आहे. या वेळी मी गाडी दुसऱ्या बाजूने काढली नाही. थांबवली. दोघांनी तिथेच, उभ्याउभ्याने, एकेक सीताफळ खाल्लं आणि बिया भिंतीच्या कडेला टाकल्या.